एकाच बाळाच्या चार तारखा, नेमकी कोणती धरायची?

दारव्ह्याची_सून

नमस्कार. इथं नेहमी वाचते, पण लिहून पहिल्यांदाच राहिली. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं हे पहिलंच. सासर दारव्हा तालुक्यात, माहेर मंगरूळपीरकडे. बाळंतपण माहेरी करायचं असं ठरलंय, म्हणून तारखेचा घोळ जास्तच डोक्यात बसलाय. फाइलीत आता चार तारखा आहेत, अन् घरात ज्याला जी सोयीची त्यानं ती धरली आहे.

पहिली तारीख पाळीवरून. नाव नोंदवायला गेले तेव्हा सिस्टरनं शेवटची पाळी विचारली. मी कधी लिहून ठेवत नाही. पण पोळ्याला मी बाजूला होते हे पक्कं आठवते, कारण बैल दारात आले तेव्हा ओवाळायला जाऊबाई गेल्या. पोळा २२ ऑगस्टला होता. आदल्या दिवशी पाळी आली असेल असं धरून २१ ऑगस्ट लिहिलं. त्यावरून २८ मे.

दुसरी तारीख पहिल्या सोनोग्राफीची. ती भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला झाली. कागदावर सीआरएल १५ मिलीमीटर, वय ७ आठवडे ६ दिवस, ठोके आहेत असं लिहिलं आहे. पाळीवरून त्या दिवशी ९ आठवडे १ दिवस व्हायला पाहिजे होते. तारीख ६ जून.

१५ जानेवारीला दुसरी झाली, बाळाचे अवयव पाहायची. त्यात १९ आठवडे ३ दिवस, तारीख ८ जून.

आता ३० मार्चला तिसरी. त्यात असं आहे: डोक्याची रुंदी २९ आठवडे १ दिवस, डोक्याचा घेर २९ आठवडे ३ दिवस, मांडीचं हाड २८ आठवडे ५ दिवस, पोटाचा घेर २७ आठवडे. सगळं मिळून २८ आठवडे ४ दिवस. तारीख १८ जून. तिथं फार गर्दी होती. "सगळं ठीक आहे, आता १८ जून धरा" एवढंच सांगितलं.

सासूबाई पोळ्याच्या आदल्या दिवसापासून नऊ महिने नऊ दिवस मोजतात अन् ३० मे म्हणतात. नणंदबाईच्या मोबाइलातलं ॲप २८ मे म्हणते. आमच्या ह्यांना १८ जून आवडली आहे, कारण मृगाचा पाऊस वेळेवर आला तर ७-८ जूनपासून पेरणी लागते अन् तेवढ्यात ती उरकून ते माहेरी येऊ शकतात. माझे बाबा म्हणतात, मे महिन्याच्या उन्हात एसटीनं नको, आत्ताच घेऊन जातो.

माझी पाळी पहिल्यापासून पाच-सव्वापाच आठवड्यांनी येते, दर महिन्याला नाही. हे कुणी विचारलं नाही अन् मीही सांगितलं नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खरी तारीख कोणती? आणि आधी बाळ नऊ दिवस मागं होतं, आता पाळीच्या हिशेबानं तीन आठवडे मागं दिसते, तर ते मागं पडत चाललं आहे का? सासूबाई म्हणतात, आपल्याकडची लेकरं लहानच असतात, मशीनला काय कळते.


शेतकरी_पुत्र_वाशीम

ताई, शेवटची सोनोग्राफी धरा. सगळ्यात ताजी तीच. बाळ जेवढं मोठं तेवढं मोजायला सोपं, साधा हिशेब आहे. आमच्या वहिनीची पण शेवटचीच तारीख बरोबर निघाली होती. आणि मुलगा असला की वाढ वेगळी असते म्हणतात, त्यानं पण तारीख मागंपुढं होते.


सोनोवाल्या_मॅडम

वाशीमच्या भाऊंचं आधी उरकते. मुलगा का मुलगी हा विषय इथं काढू नका. १९९४ च्या कायद्यानं गर्भलिंग सांगायला अन् विचारायला बंदी आहे. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला मी एफ फॉर्म भरते तो त्याच कायद्यासाठी. आणि "मोठं बाळ मोजायला सोपं" हा हिशेब साफ उलटा आहे.

ताई, मी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करते. दुसऱ्यानं केलेल्या तपासणीवर न पाहता बोलू नये, पण तुम्ही आकडे इतके नीट उतरवलेत की बोलता येतं. तुमची तारीख ६ जून. २८ मे नाही, आणि १८ जून तर नाहीच नाही.

का, ते सांगते. तुमच्या शेतातली कपाशी आठवा. उगवून आली की पहिले काही दिवस भारी काळ्या जमिनीतलं रोप काय अन् बरडावरचं काय, उंची सारखीच. तेव्हा रोप पाहून पेरणी कधीची ते सांगता येतं. पोळ्याला त्याच शेतात एक झाड कमरेला लागतं अन् एक गुडघ्याला. तेव्हा उंचीवरून पेरणीची तारीख काढायला गेलात तर फसाल. पोटातलं बाळही पहिल्या तीन महिन्यांत जवळपास सगळ्यांचं एका चालीनं वाढतं. आईचं खाणं, रक्त, बीपी, घरातली ठेवण यांचा परिणाम पुढं दिसायला लागतो.

सीआरएल म्हणजे डोक्याच्या टोकापासून ढुंगणापर्यंतची लांबी. पाय धरायचे नाहीत. ग्लासगोमध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली हे माप पहिल्यांदा मांडलं, आणि पन्नास वर्षांत मशीन कितीही बदलली तरी सुरुवातीची तारीख काढायला यापेक्षा चांगलं माप सापडलेलं नाही. सातव्या ते दहाव्या आठवड्यात बाळ दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढतं. म्हणजे माझा हात एका मिलीमीटरनं चुकला तर तारीख एका दिवसानं चुकते, जास्त नाही. अर्थात माप नीट घेतलं पाहिजे: बाळ आडवं अन् पूर्ण दिसलं पाहिजे, चित्र मोठं करून घेतलं पाहिजे, शेजारची योक सॅक, म्हणजे बाळाजवळची छोटी पिशवी, मापात येता कामा नये, आणि दोन-तीनदा मोजून पाहिलं पाहिजे. वळलेलं बाळ मोजलं की लांबी कमी भरते. तुमचं १५ मिलीमीटर आणि ७ आठवडे ६ दिवस हे एकमेकांशी जुळतं, त्यात मला काही खटकत नाही.

आता पाळीची तारीख का सोडायची? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांचा जो हिशेब आहे, तो २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईसाठी आहे. तिचं बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. तुमची पाळी पाच-सव्वापाच आठवड्यांनी, म्हणजे ३५ ते ३७ दिवसांनी येते. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, म्हणजे तुमचं सात ते नऊ दिवस उशिरा सुटणार. सोनोग्राफीनं किती दिवस मागं दाखवलं? नऊ. बाळ मागं नव्हतंच, ते राहिलंच उशिरा. नोंदणीच्या वेळी हा एक प्रश्न विचारला असता तर निम्मा घोळ तिथंच मिटला असता.

पण म्हणून प्रत्येक सोनोग्राफीनंतर तारीख हलवायची नसते. आम्ही ज्या मर्यादा पाळतो त्या अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली दिलेल्या आहेत. पाळीवरून ९ आठवडे पूर्ण व्हायच्या आत असाल तर पाच दिवसांपेक्षा जास्त फरक पडला तरच सोनोग्राफीची तारीख घ्यायची. ९ ते १६ आठवड्यांत सात दिवसांपेक्षा जास्त. १६ ते २२ मध्ये दहा, २२ ते २८ मध्ये चौदा, आणि २८ च्या पुढं एकवीस दिवसांपेक्षा जास्त. तुमचा फरक ९ आठवडे १ दिवसाला नऊ दिवसांचा, म्हणून ६ जून. चारच दिवसांचा असता तर मीही पोळ्याचीच तारीख ठेवली असती. आणि एकदा ही तारीख ठरली की विषय संपला. पुढच्या सोनोग्राफ्या तारीख ठरवायला नसतात, ठरलेल्या तारखेला बाळ कुठवर आलंय ते पाहायला असतात.

मशीनला हे माहीत नसतं. ते दर वेळी चार मापांची सरासरी काढतं आणि त्यावरून एक नवी तारीख छापून मोकळं होतं. तुमची १८ जून अशी छापली गेलेली आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो जास्त महत्त्वाचा आहे. जानेवारीत ६ जूनच्या हिशेबानं १९ आठवडे ५ दिवस व्हायला हवे होते, निघाले १९ आठवडे ३ दिवस. दोन दिवसांचा फरक म्हणजे काहीच नाही. तोवर बाळ छान वाढत होतं आणि ६ जूनवर शिक्कामोर्तबही झालं. ३० मार्चला ३० आठवडे २ दिवस हवे होते. डोकं सहा-आठ दिवस मागं, मांडीचं हाड अकरा दिवस, हे चालण्यासारखं आहे. पण पोटाचा घेर २७ आठवडे, म्हणजे तेवीस दिवस मागं. बाळाला पोषण कमी पडायला लागलं की ते डोकं सांभाळतं आणि पोट उतरतं, कारण पोटाच्या घेरात यकृत येतं आणि साठा तिथंच असतो. चारांची सरासरी काढली की हे पोट त्या सरासरीत बुडून जातं. आणि तारीख १८ जूनला ढकलली की बाळ कागदावर लगेच "बरोबर" दिसायला लागतं! मला नेमकी हीच भीती वाटते.

घाबरू नका, एका मापावरून निदान होत नाही. पोटाचा घेर मोजताना चूक सहज होते, कुशीवर वळलेल्या बाळाचा तर नक्कीच. पण "सगळं ठीक" म्हणून सोडूनही देता येत नाही. येत्या चार-पाच दिवसांत नाळेच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर करून घ्या. वाढीची मापं मात्र १३ एप्रिलच्या आत पुन्हा घेऊ नका. दोन आठवड्यांपेक्षा कमी अंतरानं मोजलं तर वाढ दिसते आहे की हाताचा फरक, ते कळत नाही. जाताना २४ ऑक्टोबरचा कागद सगळ्यात वर ठेवा आणि "तारीख ६ जून आहे, याच्यावर लावून सांगा" असं स्पष्ट म्हणा. मला असं कुणी सांगितलं तर राग येत नाही, उलट बरं वाटतं.

सासूबाईंना सांगा, मशीनमध्ये कुण्या परक्या मुलखाची मापं आहेत हे गाऱ्हाणं मीही ऐकलं आहे. त्यासाठीच इंटरग्रोथ-२१ नावाचा मोठा अभ्यास आठ देशांत झाला. त्यात भारतातलं ठिकाण आपलं नागपूर होतं. आई निरोगी असेल, खाऊनपिऊन असेल, तर सुरुवातीच्या लांबीत नागपूरचं बाळ आणि ऑक्सफर्डचं बाळ यांत फारसा फरक निघाला नाही. लहान असणं हा आपल्या मातीचा गुण नाही.

बीपी किती, रक्त किती, सिकलसेलची तपासणी झाली का, बाळाची हालचाल कशी आहे, हे लिहा.


निवृत्त_सिस्टर_पुसद

मॅडमनं सगळं सांगितलं, मी फक्त रजिस्टरची बाजू सांगते. उपकेंद्रात जन्म गेला माझा.

पोरी, तुझी पोळ्याची आठवण म्हणजे लय चांगली आठवण आहे. बायका मले काय सांगत? "भुलाबाईच्या वेळी." "तूर सोंगून झाली तवा." एक बाई म्हणे, "नवरा पुण्याहून आला त्याच्या आधी." नवरा कधी आला ते तिलेही ठाऊक नाही! मग मी तिच्यासोबत सण मागं मागं मोजत जायची: महालक्ष्म्या होऊन गेल्या होत्या का? घट बसले होते का? असं करत एक आठवडा तरी हाती लागे. आणि जिथं कुणी मोजत बसलं नाही तिथलं जुनं रजिस्टर उघडून पाहा. पाच, दहा, पंधरा, वीस, याच तारखांना अर्ध्या गावाच्या पाळ्या. बाया काही ठरवून बसत नाहीत बाप्पा, लिहिणाऱ्याचा हात तिथं थांबते.

सासूबाईंचे नऊ महिने नऊ दिवस अन् डॉक्टरी नऊ महिने सात दिवस, यात फरक दोनच दिवसांचा. म्हातारीचा हिशेब काही वेडा नाही. फरक पडते तो कुठून मोजता त्यानं. काही घरी पाळी आली त्या दिवसापासून धरतात, काही घरी चुकली त्या दिवसापासून. तिथं सरळ महिना इकडचा तिकडं होते. अन् दोन्हीकडं पाळी दर महिन्याले येते असं धरलेलं असते.

तारखेनं काय अडते म्हणशील तर हे बघ. समज तुले २२ एप्रिलले कळा सुरू झाल्या. २८ मे धरली तर ३४ आठवडे ६ दिवस भरतात. ६ जून धरली तर ३३ आठवडे ४ दिवस. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होत असलं तर बाळाच्या फुप्फुसासाठी डेक्साची इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी चार. पहिली तारीख धरली तर सिस्टर म्हणेल, गरज नाही. अन् तुझ्या लेकराले तर गरज आहे. दुसऱ्या टोकाले पाहा. २८ मे धरून बसले तर ४ जूनले म्हणतील, एक आठवडा वर गेला, कळा आणा. तेव्हा तुझी खरी तारीख उलटलेलीही नसणार. १८ जून धरली तर २५ जूनपर्यंत सगळे निवांत बसतील, अन् खरे ४२ आठवडे ५ दिवस होऊन जातील. बाळ बारीक असल्यावर तर तेवढं थांबायचंच नाही.

माता-बाल कार्डाच्या पहिल्या पानावर चार तारखा असतील तर तीन खोडून घे. सिस्टरकडूनच खोडून घे, स्वतः नको खोडू. "६ जून, २४ ऑक्टोबरच्या सोनोग्राफीवरून" असं पूर्ण लिहायला लाव, म्हणजे रात्री-बेरात्री १०८ नं जिथं नेतील तिथं नवा डॉक्टर पुन्हा पोळ्यापासून सुरू नाही करणार. अन् सोनोग्राफीचा तो चकचकीत फोटो लॅमिनेशन करायले नेऊ नको. मशीनच्या गरमीनं पूर्ण काळा होते. मोबाइलात काढून ठेव.

एक विचारते, राग नको मानू. खर्रा, नस, गुल, दाताले तंबाखूची मिश्री, काही लावते का? मी सगळ्यांना विचारत आली. पहिल्यांदा सगळ्या नाही म्हणतात. बाळ बारीक राहायले एवढं एक कारण पुरते.


दारव्ह्याची_सून

मॅडम, सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू. ह्यांना वाचून दाखवलं, ते गप्पच झाले.

तंबाखूचं काही नाही, खरंच नाही. सिकलसेलची सोल्युबिलिटी तपासणी नोंदणीच्या वेळीच झाली, निगेटिव्ह आहे. रक्त जानेवारीत १०.२ होतं, आता ९.४. लोहाच्या गोळ्या खाल्ल्या की मळमळते म्हणून मध्ये महिनाभर सोडल्या होत्या. बीपी कार्डावर नोव्हेंबरात ११०/७०, जानेवारीत ११६/७४, ३० मार्चला १३६/८८. त्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही. पाय संध्याकाळी सुजतात, पण ऊनच इतकं आहे की घरात सगळ्यांचेच सुजतात. बाळ फिरते, रात्री जास्त.

बाबा रविवारी घ्यायला येतो म्हणतात. जाऊ का?


आशा_भामरागड

मॅडमचं अन् सिस्टरचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. मग तारीख ही काही कागदावरची गोष्ट राहत नाही. तारीख जवळ आली की बाईला आधीच माहेरघरात आणून ठेवायचं असतं, आरोग्य केंद्राच्या आवारातच खोली असते. पण तारीख तीन आठवडे चुकली तर काय होते? लवकर आणली तर बाई बसून बसून कंटाळते, घरी लहान लेकरं असतात, धान रोवायचं असते, एक दिवस न सांगता निघून जाते. उशिरा आणायचं ठरवलं तर मधे नदी येते.

म्हणून मी पाळी चुकली असं कानावर आलं की लगेच मागं लागते. पट्टी घेऊन घरीच लघवीची तपासणी, अन् पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफीला नेते, गाडी मिळो न मिळो. सातव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफी झालेल्या बाईची तारीख विचारली तर डॉक्टरसाहेबही "अंदाजे" म्हणतात. ताई, तुमच्याकडे आठव्या आठवड्याचा कागद आहे. तो जपा.


सोनोवाल्या_मॅडम

ताई, रविवारची वाट पाहू नका, आणि माहेरी जायचं सध्या बाजूला ठेवा.

१३६/८८ ला अजून बीपी वाढलं असं आम्ही म्हणत नाही, ती रेघ १४०/९० ची आहे. पण नोव्हेंबरात ११०/७० असलेल्या बाईचं १३६/८८ आणि त्याच दिवशी बाळाचं पोट मागं, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला ते आवडत नाहीत. उद्या सकाळी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बसून, पाच मिनिटं शांत राहून, बीपी पुन्हा मोजून घ्या आणि लघवीतलं प्रोटीन पाहायला सांगा. पट्टीवर दोन मिनिटांत कळतं. बीपी १४०/९० किंवा वर निघालं, किंवा प्रोटीन आलं, तर तिथून परस्पर जिल्ह्याच्या ठिकाणी. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमकल्यासारखं, छातीच्या खाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर सूज, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८.

रक्त ९.४ आहे, त्यासाठी लोहाची गोळी रात्री जेवणानंतर झोपताना घेऊन पाहा, चहासोबत नको. तरी मळमळ राहिली तर शिरेतून लोह देता येतं, डॉक्टरांना तसं विचारा. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.

माहेरचं डॉप्लरनंतर ठरवा. रक्तप्रवाह चांगला निघाला आणि बीपी खाली आलं तर १६ मेला ३७ आठवडे पूर्ण होतात, त्याच्या पुष्कळ आधी, एप्रिलअखेरीस सकाळच्या थंड वेळी गाडीनं जा. तिथल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवून ठेवा. काही कमीजास्त निघालं तर बाळंतपण सासरी की माहेरी हा प्रश्नच उरत नाही. जिथं एसएनसीयू आहे, म्हणजे नवजात बाळांचा विशेष काळजी कक्ष आहे, तिथं. यवतमाळ असो की वाशीम. हे बाबांना आणि ह्यांना दोघांनाही आत्ताच सांगून ठेवा. पेरणीला माणूस मिळतो.

सिस्टर, लॅमिनेशनचं बरं सांगितलंत. माझ्याकडे दर उन्हाळ्यात असे काळे ठिक्कर फोटो घेऊन कुणी ना कुणी येतंच.

डॉप्लर झाली की नाळेचे आकडे, उद्याचं बीपी आणि प्रोटीन इथं टाका. कागदाचा फोटो टाकत असाल तर नाव, गाव आणि नोंदणी क्रमांक आधी झाका.